वीस बोंडांची साक्ष

शितावरून भाताची परीक्षा होते, अशी म्हण आहे. भात एकाच भांड्यात व एकाच आचेवर शिजत असल्याने तेथे एका शिताची साक्ष पुरते. शेताचे तसे नाही. एकाच शेतात कोठे जमीन हलकी, तर कोठे भारी असते. आणि यंदाचा हंगाम पुढील हंगामासारखा असेलच असे नाही.

कपाशीचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. २००२ साली बीटी कपाशीच्या लागवडीस भारतात मान्यता मिळाली व २००६ साली दोन जनुके असलेले वाण आले. प्रारंभीच्या हंगामांत बोंडअळीचा उपद्रव कमी झाला. त्यावरून 'बीटी कपाशीस बोंडअळी लागतच नाही' असा सरसकट नियम पुष्कळांनी मनाशी बांधला. अनुभव खरा होता. परंतु तो त्या वर्षांपुरता होता. झाडातील विषारी प्रथिन पचवून जगलेल्या थोड्या गुलाबी अळ्यांची संतती वाढत गेली व तिच्यात प्रतिकारशक्ती आली. शेताच्या कडेने साधी कपाशी लावण्याच्या सूचनेकडे झालेले दुर्लक्ष आणि फरदडीचा मोह यांनी तिला साहाय्यच केले. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात मोठे नुकसान केले. सरसकट नियम मोडण्यास एकच विपरीत उदाहरण पुरते. येथे तर ते गावोगाव आढळले.

मग थोड्या निरीक्षणांना काहीच मोल नाही काय? आहे, मात्र ती योग्य रीतीने घेतली पाहिजेत. शेतभर नागमोडी फिरून निरनिराळ्या झाडांवरील २० हिरवी बोंडे तोडावीत व फोडून पाहावीत. अळी लहान असतानाच बोंडात शिरते व तिचे छिद्र बुजून जाते. म्हणून वरून निरोगी दिसणारी बोंडेही फोडणे अवश्य आहे. २० पैकी २ बोंडे किडलेली आढळल्यास, म्हणजे शेकडा १० हे प्रमाण गाठल्यास, उपाययोजनेची वेळ आली असे समजावे. कामगंध सापळ्यात लागोपाठ ३ रात्री दर सापळ्यास ८ पतंग सापडणे, हाही तसाच इशारा होय. केवळ बांधालगतची किंवा मुद्दाम निवडलेली बोंडे पाहून निर्णय करू नये.

अशा रीतीने मिळालेला निष्कर्ष त्या शेतापुरता व त्या आठवड्यापुरता असतो. शेजारच्या शेतासाठी व पुढील आठवड्यासाठी पुन्हा बोंडे फोडावी लागतात. ग्रामसेवकांनी सल्ला देताना कोणते शेत, किती बोंडे व कोणता दिवस, हे अवश्य नमूद करावे. मर्यादा सांगितल्याने सल्ल्याचे वजन घटत नाही. शेतकरी बंधूंना त्यावर किती विसंबावे हे त्यामुळेच कळते.