अकबरी खरंच वाईट होती का? कादंबरीतली पात्रं वाचताना

दहावीच्या पेपरात ‘अमुक पात्राचे स्वभावचित्र लिहा’ असा प्रश्न आला की मुलं चार ओळींत मोकळी होतात. हा चांगला, ती वाईट. उर्दू माध्यम असो की मराठी, उत्तर सारखंच. लेखकानं दिलेला निकाल आपल्या अक्षरात पुन्हा लिहायचा. आम्हा शिक्षकांना हे खटकतं.

उदाहरण आपल्या ओळखीचंच घेऊ. डेप्युटी नजीर अहमद यांची ‘मिरातुल उरूस’ १८६९ साली आली. उर्दूतली पहिली कादंबरी म्हणून सहसा तिचंच नाव घेतात. स्वतःच्या मुलींना वाचायला काही असावं म्हणून त्यांनी ती लिहायला घेतली होती. पुढे सरकारनं तिला हजार रुपयांचं बक्षीस दिलं. दिल्लीच्या दोन सख्ख्या बहिणी, एकाच घरात दोन भावांना दिलेल्या. थोरली अकबरी हट्टी आणि आळशी, धाकटी असगरी समजूतदार आणि हिशेबी. सासरी एक ‘मिजाजदार बहू’, दुसरी ‘तमीजदार बहू’. नावातच निकाल लागला!

आता जरा अकबरीच्या जागी उभं राहून बघू या. नानीनं लाडात वाढवलं, काही शिकवलं नाही, आणि लहान वयात सासरी पाठवलं. तिथं तिचं भांडण कशावरून होतं? तिच्या मैत्रिणींवरून. भटियाऱ्याची मुलगी, कलईवाल्याची, सक्क्याची म्हणजे भिश्त्याची, भाजी विकणाऱ्या कुंजड्याची. शरीफ घरच्या सुनेनं अशा मुलींत बसू नये, असं घरच्यांचं म्हणणं, आणि लेखकही त्यांच्याच बाजूनं बोलतो. पण आपण कुठून वाचतोय? आपल्यातल्या कित्येकांचे आजे-पणजे कलई करत होते, भाजी विकत होते. म्हणजे या कादंबरीत आपली जागा असगरीच्या दालनात नाही, त्या मुलींच्या रांगेत आहे. त्या रांगेतून अकबरी जरा वेगळी दिसते. निदान ती त्यांना आपल्या बरोबरीचं मानत होती.

मग ती वेगळं घर मागते. कादंबरीत हा तिचा मोठा गुन्हा. खरं तर हनफी फिकहमध्ये बायकोला राहायला स्वतंत्र जागा हा तिचा हक्क मानला आहे. पण तो हक्क तिला कुणी समजावून सांगत नाही आणि ती मागते तेही आदळआपट करून. वेगळ्या घरात नवरा कामावर गेला की दिवसभर ती एकटी. तेवढ्यात गोड बोलणारी एक हज्जन येते, स्वस्तात वस्तू देते, विश्वास बसवते आणि उजळून आणते म्हणून दागिने घेऊन पसार होते. ‘मूर्ख होती म्हणून फसली’ हे अर्धं उत्तर झालं. एकटी होती, हेही लिहायला हवं. याचा अर्थ अकबरी निर्दोष असा नाही. तिची जीभ आणि तिचा आळस पुस्तकात आहेतच.

असगरीकडेही असंच बघावं. तिची खरी ताकद गोड स्वभावात नाही, लिहिता-वाचता येण्यात आहे. घरात मामा अजमत आहे (मामा म्हणजे इथे मोलकरीण, आईचा भाऊ नव्हे). ती वर्षानुवर्षं सौद्यात पैसे खाते. सासूला ते पकडता येत नाही. असगरी हिशेब जुळवते, बाहेरगावी नोकरीला असलेल्या वडिलांशी पत्रानं बोलते आणि सगळं उघडं पाडते. मामाची बाजू मात्र लेखक कुठेच ऐकून घेत नाही.

लेखकाचीही एक जागा असते. १८५७ नंतरची उद्ध्वस्त दिल्ली, सरकारी नोकरीच्या आधारावर उभी राहू पाहणारी शरीफ घराणी. अशा घराला हिशेब ठेवणारी सून हवी होती. म्हणून असगरी इतकी उजळ आणि अकबरी इतकी काळी रंगवली गेली, असं आम्हाला वाटतं.

घरी करून बघायला एक सोपा अभ्यास. दागिने गेले त्या संध्याकाळी नवरा घरी आला. ती संध्याकाळ मुलांना अकबरीच्या तोंडून दहा ओळींत लिहायला सांगा. मग तीच नवऱ्याच्या तोंडून, आणि जमलं तर शेजारच्या कलईवाल्याच्या मुलीच्या तोंडून.