सॉफ्टनर बसला, तरी आकडा तोच का?

पिंपरी-चिंचवडला पवनेचं पाणी २०१९च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड येऊ लागलं. मोशी, चिखलीपासून चाकणपर्यंत अनेक सोसायट्या उरलेली गरज बोअर आणि टँकरवर भागवतात. बेसाल्टच्या (काळ्या पाषाणाच्या) भेगांतून आलेलं हे पाणी बहुधा जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेलं असतं. साबणाला फेस येत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो.

मग गच्चीवर सॉफ्टनर बसतो. कुणीतरी टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजणारं मीटर बादलीत बुडवतं. आकडा जवळपास तोच! पैसे पाण्यात गेले, अशी कुरकुर सुरू होते.

ती रास्त नाही. सॉफ्टनर क्षार काढत नाही, बदलतो. भरलेल्या पीएमपी बसमधून एक जाडजूड प्रवासी उतरावा आणि दोन सडपातळ चढावेत, तसं कॅल्शियमचा एक कण जातो आणि सोडियमचे दोन येतात. गर्दी कायम, थर धरणारा मात्र गेलेला असतो.

जडपणा तपासायचा तर थेंब टाकून रंग पाहायचं हार्डनेस किट वापरावं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात तो लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. तुरटीने गढूळपणा बसतो, जडपणा नाही. उकळल्याने त्याचा काही भागच जातो. किटलीच्या तळाशी बसणारी पांढरी खपली म्हणजे तोच भाग, आणि लिंबूसत घातलेल्या गरम पाण्याने ती सुटते.

सोडियम पुरवणारं सॉफ्टनरच्या टाकीतलं मीठ संपलं, की पुन्हा जडच पाणी येतं.