ओट्यावरचा उजेड

‘घरोघरी मातीच्या चुली’ ही म्हण आपण अजून वापरतो. चुली मात्र शहरांतून कधीच गेल्या आणि खेड्यांतूनही हळूहळू निघाल्या. आजची परिस्थिती पाहून म्हण दुरुस्त करायची तर ‘घरोघरी ग्रॅनाइटचे ओटे’ असं म्हणावं लागेल. आणि ज्यांच्याकडे चार पैसे अधिक आहेत त्यांच्या लेखी तर ग्रॅनाइटही जुना झाला. तिथे क्वार्ट्झ आला, कोरियनसारखा जोड न दिसणारा ॲक्रिलिकचा पृष्ठभाग आला. ओट्यामागच्या भिंतीवर टाइल्सच्या जागी रंगीत काच, आरसा किंवा चकचकीत स्टील आलं. स्वयंपाकघर पूर्वी घराच्या मागच्या अंगाला, पाहुण्यांच्या नजरेआड असायचं. आता ते दिवाणखान्याला चिकटून बसलं आहे आणि पाहुण्यांनी आधी ते पाहावं अशी यजमानांची इच्छा असते.

‘ओटा’ या शब्दाचीही गंमत पाहा. पूर्वी ओटा घराबाहेर असे. संध्याकाळी पुरुषमंडळी तिथे बसत, पान जमवत, गावच्या उखाळ्यापाखाळ्या काढत. आज शहरातल्या मराठी घरात ‘ओटा’ म्हटलं की स्वयंपाकाचाच ओटा डोळ्यांसमोर येतो. शब्द तोच राहिला. तो अंगणातून आत आला आणि बसण्याची जागा उभं राहण्याची झाली. बसणारे कोण होते आणि उभं राहणारं कोण आहे, हे वेगळं सांगायला नको.

बैठकीतून उभं राहताना

जुनं स्वयंपाकघर बैठं होतं. चूल जमिनीवर, विळी जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर. चुलीच्या धुराने भिंती आणि आढं काळी होत. भिंत एकदा काळी झाली की ती उजेड गिळते. कोकणात कौलांच्या मधोमध एखादं काचेचं कौल बसवण्याची पद्धत होती. त्यातून उतरणारा उन्हाचा कवडसा सकाळी चुलीपाशी, तर दुपारी उतरंडीपाशी पडे. स्वयंपाकघराच्या सजावटीत काच आली ती आजकाल, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे कौल आठवावं. ते शोभेसाठी नव्हतं. आमटीत काय पडलं आहे ते दिसावं, एवढ्यासाठी होतं.

पन्नासच्या दशकात मुंबईत स्वयंपाकाचा गॅस आला आणि पुढच्या तीन-चार दशकांत तो मध्यमवर्गीय घरांत पसरला. हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर खाली साठतो. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर ठेवा, असं गॅस कंपन्या सांगत आल्या. सिलिंडर खाली, शेगडी वर, म्हणजे मध्ये ओटा आलाच. स्वयंपाक उभ्याने होऊ लागला. गुडघ्यांची उठबस थांबली, पण तळपाय आणि कंबर यांचं दुखणं सुरू झालं. एक ओझं उतरवताना दुसरं कुठे चढतं आहे, याचा हिशेब आपल्याकडे कुणी मांडला नाही.

युरोपात तो मांडला गेला होता. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची प्रचंड टंचाई होती. फ्रँकफुर्ट शहराने एर्न्स्ट माय या वास्तुकाराच्या नेतृत्वाखाली कामगारांसाठी वसाहती उभारायला घेतल्या. १९२६ साली त्या घरांसाठी एक स्वयंपाकघर आखलं गेलं. आखणारी होती मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की ही व्हिएन्नाची तरुण वास्तुकार. जागा किती, तर साधारण ३.४ मीटर लांब आणि १.९ मीटर रुंद. तेवढ्यात तिने सलग ओटा, खिडकीपाशी कामाचं फळकूट, उंची बदलता येईल असं फिरतं स्टूल, मागेपुढे सरकवता येणारा दिवा आणि तांदूळ, साखर यांसाठी मुठीचे ॲल्युमिनियमचे खण बसवले. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं बांधली गेली. आज ज्याला आपण ‘मॉड्युलर किचन’ म्हणतो त्याची आजी ती हीच. बाई कणखर होत्या. नाझी राजवटीला विरोध केला म्हणून १९४१ ते १९४५ त्यांनी तुरुंगात काढली आणि जानेवारी २००० मध्ये, वयाच्या एकशे तिसऱ्या वाढदिवसाला काही दिवस उरले असताना, त्या गेल्या.

त्यांच्या आराखड्यातल्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. ते स्टूल आणि तो सरकता दिवा. आपण त्यांच्याकडून कपाटं घेतली, सलग ओटा घेतला. बसायची सोय आणि हातावर पडणारा उजेड तेवढा घ्यायचा राहिला.

दगडाचे गुण, दगडाचे दोष

आता दुकानात जाऊ. कडप्पा हा आपला जुना सोबती. आंध्रातल्या कडप्पा भागातून येणारा हा काळा दगड म्हणजे चुनखडक. शहाबादी फरशीही त्याच गोत्रातली आणि संगमरवरही चुन्याच्याच वंशातला. चुन्याचं आणि आंबटाचं हाडवैर. लिंबाची फोड, चिंचेचा कोळ, कोकमाचं आगळ रात्रभर सांडून राहिलं तर सकाळी तिथे फिकट चट्टा दिसतो. तो डाग नसतो. तिथला दगडच किंचित खाल्ला गेलेला असतो. म्हणून घासून तो जात नाही. संगमरवरी ओट्याची चित्रं मासिकांत कितीही देखणी दिसोत, रोज सोलकढी आणि चिंच-गुळाची आमटी करणाऱ्या घराने तो मोह टाळावा.

ग्रॅनाइटला आंबटाची भीती नाही, तापलेल्या भांड्याचीही फारशी नाही. म्हणून तो टिकला. आपल्याकडे ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून विकला जाणारा बराचसा दगड शास्त्राच्या दृष्टीने ग्रॅनाइट नव्हेच. आंध्र प्रदेशातल्या चिमकुर्तीचा, चांदण्या शिंपडल्यासारखा दिसणारा ‘ब्लॅक गॅलेक्सी’ हा खरं तर गॅब्रो जातीचा खडक. व्यवहारात त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते रंगाने. छोट्या, एका खिडकीच्या स्वयंपाकघरात काळा दगड घातला की चुलीच्या काजळीने जे केलं होतं तेच आपण पैसे मोजून करून घेतो.

जोड न दिसणारा कृत्रिम पृष्ठभाग हा या घराण्यातला परदेशी जावई. १९६७ साली अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीत कोरियन तयार झालं. त्यात ढोबळमानाने एक भाग ॲक्रिलिक आणि दोन भाग बॉक्साइटपासून मिळणारी पांढरी भुकटी असते. बॉक्साइट आपल्या कोल्हापूर-रत्नागिरीकडच्या सड्यांवरही सापडतं, तेव्हा जावई अगदीच परका नाही. याचे तुकडे अशा चिकटीने जोडतात की सांधा दिसत नाही. सिंकसुद्धा त्यातच ओतून घेता येतं. कडा नाहीत, फटी नाहीत, म्हणजे खरकटं अडकायला जागा नाही. चरे पडले तर पॉलिश पेपरने घासून पुन्हा नवं करता येतं. दोष दोन. शेगडीवरून उतरवलेला कुकर थेट त्यावर ठेवला तर पृष्ठभाग खराब होऊ शकतो. तेव्हा आजीची अडणी माळ्यावरून पुन्हा खाली काढावी लागते. दुसरा दोष हळदीचा.

आपली हळद हा परदेशी ओट्यांचा खरा कस. पांढऱ्या ओट्यावर ती पिवळी बसते आणि घाईने साबण लावला तर लाल होते. घाबरू नये. हळदीचा रंग क्षाराच्या संगतीत लाल होतोच, हळद आणि चुना यांपासून कुंकू होतं ते याच गुणाने. हा रंग उन्हात मात्र फार काळ तग धरत नाही. ज्या ओट्यावर सकाळचं ऊन येतं तिथला पिवळेपणा काही दिवसांत आपोआप फिका होतो. खिडकी कुठे असावी याचं हे आणखी एक कारण.

मागची भिंत

ओट्यामागच्या चकचकीत भिंतीबद्दल आकर्षण फार, माहिती कमी. आपल्या बहुतेक स्वयंपाकघरांत दिवा खोलीच्या मधोमध छताला असतो. ओट्याकडे तोंड करून उभं राहिलं की तो पाठीमागे येतो आणि काम करणाऱ्याची सावली नेमकी त्याच्याच हाताखाली पडते. कोथिंबीर चिरायची जागा अंधारी आणि पाठ उजळलेली! अशा ठिकाणी आरसा लावून काम भागत नाही. भिंत स्वतः उजेड तयार करत नाही, आलेला परत देते. आधी वरच्या कपाटाखाली एक पट्टीदिवा लावावा, मग मागे फिकट रंगाची काच घालावी. पांढरी साधी भिंतही बराच उजेड परत देते आणि तो सगळीकडे पसरवते. आरसा तो एकाच दिशेने फेकतो, त्यामुळे डोळ्यांवर तिरीप येते. शिवाय आरशात ओट्यावरचा पसाराही दुप्पट दिसतो.

काच घ्यायची तर ती टफन्ड, म्हणजे तापवून एकदम थंड केलेली घ्यावी. शेगडीची धग तीच सोसते. पण अशी काच नंतर कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. प्रयत्न केला तर तिचा चुरा होतो. म्हणून प्लगची जागा, नळाची जागा आधी ठरवून मापं द्यावी लागतात. साध्या आरशाच्या कडांतून दमट हवा आत शिरली की पाठीमागचा मुलामा काळा पडतो. स्टील दणकट, पण बोटांचे ठसे आणि फोडणीचे शिंतोडे ते लपवत नाही. टाइल्स स्वस्त आणि टिकाऊ, फक्त त्यांच्या सांध्यांत तेल आणि हळद मुरते. हे सगळं ऐकून कुणी फिकट रंगाच्या मोठ्या टाइल्स आणि एक चांगला दिवा एवढ्यावर थांबलं, तर त्यांचं काही नुकसान होणार नाही.

बँकेत असताना घरकर्जाचे शेकडो कागद नजरेखालून गेले. खर्चाच्या अंदाजपत्रकात स्वयंपाकघराला एखादी ओळ असायची. पुढे तिचं पान झालं. कर्ज वीस वर्षांचं आणि ओट्याची फॅशन दहा वर्षांची. परिणाम असा की जुना ओटा फोडून त्याचं डेब्रिज ट्रकमध्ये भरलं जातं तेव्हा त्याचा हप्ता अजून चालू असतो. टिकाऊपणा हा दगडाचा गुण आहेच, पण आपली हौस किती टिकणार याचाही अंदाज कर्ज घेताना करायला हवा.

चमक कुठून येते

आणि आता क्वार्ट्झ. आजच्या बाजारातला हा लाडका. दगडाची भुकटी आणि राळ यंत्रात दाबून त्याच्या लाद्या करतात. याचं तंत्र इटलीतल्या ब्रेटॉन कंपनीने विकसित केलं. डाग कमी, रंग हवा तो, संगमरवराच्या शिरांची हुबेहूब नक्कल. जुन्या पद्धतीच्या लादीत सिलिकाचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर असतं. ओटा होऊन घरात बसला की तो निरुपद्रवी असतो. प्रश्न तो कापला जातो तेव्हाचा आहे. कोरड्या कटरने कापताना जी धूळ उडते तिचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसात खोल जाऊन बसतात आणि सिलिकोसिस होतो. त्यावर बरं करणारं औषध नाही. इस्रायल, स्पेन, ऑस्ट्रेलिया इथे ऐन तारुण्यातले कामगार या लाद्या कापून आजारी पडले. अखेर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडावर बंदी घातली. असं करणारा तो पहिला देश.

आपल्याला हा रोग नवा नाही. गुजरातेत गोध्रा परिसरातल्या क्वार्ट्झ दळण्याच्या कारखान्यांत मध्य प्रदेशातले आदिवासी मजूर कामाला जात आणि खोकत परत येत. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा २३८ मृत मजुरांच्या कुटुंबांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. ओट्याच्या किमतीची चर्चा करताना हा आकडा मला आठवत राहतो. चांगल्या मॉड्युलर किचनचं अंदाजपत्रक आज सहज तेवढं होतं.

यावर उपाय आहेत आणि ते अवघड नाहीत. लादी पाणी सोडून, ओली कापावी. शक्यतो कारखान्यातच मापाने कापून आणावी. कारागिराला तोंडाला बांधायच्या रुमालाऐवजी नीट बसणारा मास्क मिळावा. बिल्डिंगच्या जिन्यात बसून, पांढरा झालेला एक पोरगा कटर चालवतो आहे आणि आपण धूळ येते म्हणून दार लावून घेतो, हे दृश्य कोणत्या सोसायटीत दिसत नाही? जी धूळ आपल्या सोफ्यावर नको ती त्याच्या छातीत जाते आहे. ठेका देताना ‘ओलं कापणार का?’ हा प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. त्यासाठी हजार-दोन हजार अधिक लागले तर ते द्यावेत.

राहता राहिली उंची. परदेशी आराखड्यात ओटा ३६ इंचांचा. भारतीय बाईची सरासरी उंची मात्र सुमारे १५२ सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट. कोपर दुमडून उभं राहिल्यावर ओटा कोपराच्या साधारण चार इंच खाली असावा. कणीक तिंबायची जागा त्याहून थोडी खाली असली तर खांद्यांना बरं. या हिशेबाने आपल्या अनेक घरांत ३२-३३ इंच पुरतात. लादीचा रंग ठरवायला अख्खं कुटुंब दुकानात जातं. उंची बहुधा कंत्राटदार ठरवतो.

२०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत असं दिसलं, की घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि जे पुरुष अशी कामं करतात त्यांची ९७. ही कामं मुळात करणारे पुरुष शंभरात सव्वीस. काचेने किंवा कोरियनने हे आकडे बदलणार नाहीत. पण ओटा बांधायच्या आधी गवंडी भिंतीवर पेन्सिलीने एक रेघ मारतो. ती रेघ मारताना रोज स्वयंपाक करणारी बाई तिथे उभी असावी आणि तिच्या कोपराचं माप घेतलं जावं. आणि ‘मीसुद्धा पोळ्या करणार आहे, माझंही माप घ्या’ असं म्हणत घरातला एखादा पुरुष पुढे आला, तर गवंड्याने दोघांचा मध्य काढावा. पेन्सिलीची रेघ आहे, खोडता येते.