सुई काढल्यावर

भूल दिलेला पांढरा रॅट गरम पॅडवर उताणा असतो. पोटावर मधोमध छेद घेतला की आतडी अलगद बाहेर काढायची आणि कोमट सलाइनने भिजवलेल्या गॉजमध्ये गुंडाळून डावीकडे ठेवायची. ती कोरडी पडता कामा नयेत. मग यकृताखाली, चरबीत दडलेली पोर्टल शीर दिसते. आतडी आणि प्लीहा यांचे रक्त यकृताकडे नेणारी हीच ती वाट. तिची भिंत इतकी पातळ की ती फाटली तर प्राणी टेबलावरच जातो. म्हणून तिला चिमट्यात धरत नाहीत. भोवतालच्या गोष्टी बाजूला सारून तिला मोकळी करतात.

तिच्याखालून रेशमी धागा ओवतो. शिरेला समांतर, २० गेजची बोथट टोकाची सुई ठेवतो आणि शीर व सुई दोन्हींभोवती मिळून गाठ मारतो. त्या क्षणी आतडी काळपट पडू लागतात. लगेच सुई ओढून काढायची. शीर सुईच्या जाडीइतकी, म्हणजे जेमतेम ०.९ मिलिमीटर, उघडते आणि आतड्यांचा रंग परततो. सुईमुळे प्रत्येक प्राण्यात अडथळा सारखाच राहतो. जोडीच्या गटात धागा नुसता शिरेभोवती फिरवून काढून घेतात, गाठ मारत नाहीत. छेदाचा आणि भुलीचा परिणाम वेगळा काढायचा तर हा गट हवाच.

दोनेक आठवड्यांनी पुन्हा भूल देऊन आतड्याजवळच्या एका बारीक शिरेत कॅथेटर घालतो आणि ट्रान्सड्यूसरवर पोर्टल शिरेतला दाब वाचतो. पोट उघडताच फरक दिसतो: प्लीहा मोठी, शिरा तट्ट फुगलेल्या, यकृताला वळसा घालून जाणाऱ्या नव्या वाटा रुंदावलेल्या.

खरा पेच इथेच आहे. पाटात बांध घातला आणि पाण्याने शेजारून चर फोडले, तर बांधामागची पातळी उतरायला हवी. इथे तसे होत नाही. आठवड्याभरात बरेचसे रक्त यकृताला टाळून जाऊ लागते, तरी दाब चढाच राहतो. अमेरिकेत रोबेर्तो ग्रोझमन यांच्या गटाने १९८० च्या दशकात याच मॉडेलमध्ये, म्हणजे शीर बांधलेल्या रॅटमध्ये, रक्तप्रवाह मोजला. उत्तर मिळाले ते असे: आतड्यांच्या रोहिण्या सैलावतात, हृदय जास्त रक्त ढकलते, पोर्टल शिरेत येणारा ओघच वाढतो. गाठ दाब सुरू करते. तो टिकवण्यात शरीराचा मोठा वाटा असतो.

त्याच सुमारास, १९८०-८१ मध्ये, पॅरिसच्या दिदिए लेब्रेक यांनी प्रोप्रानोलॉलने सिरोसिसच्या, म्हणजे यकृत कडक झालेल्या, रुग्णांमधला पोर्टल दाब कमी होतो आणि पुन्हा होणारा रक्तस्राव घटतो, हे दाखवले होते. हे औषध अडथळ्याला हात लावत नाही, येणारा ओघ कमी करते. अडथळा तसाच ठेवूनही दाब का उतरतो, याचे कारण रॅटमधल्या मोजणीत दिसत होते.

या मॉडेलची मर्यादाही स्पष्ट आहे. यात यकृत निरोगी असते. दारू किंवा हिपॅटायटिसने कडक झालेल्या यकृताबद्दल ते काही सांगत नाही. त्यासाठी पित्तनलिका बांधतात. साधारण चार आठवड्यांत सिरोसिस होतो, प्राणी काविळीने पिवळा पडतो. किंवा कार्बन टेट्राक्लोराइड अनेक आठवडे देतात. ही पद्धत माणसातल्या सिरोसिसच्या जास्त जवळची. पण वेळ खाते, प्राणी दगावतात आणि प्रत्येकातला आजार वेगवेगळ्या टप्प्यावर असतो.

मात्र भारतात पोर्टल शीरच गुठळीने बंद झालेली मुले सर्जनकडे येतात. यकृत बरेचसे ठीक, पण रक्ताची उलटी, वाढलेली प्लीहा. त्यांचा आजार बांधलेल्या शिरेच्या रॅटशी अधिक जुळतो, जरी तिथे गाठ एका दिवसात पडते आणि मुलात अडथळ्याची सुरुवात कधी झाली हे बहुधा कळतच नाही.

म्हणून प्राणी नैतिकता समितीच्या अर्जात प्राण्यांची संख्या लिहिण्याआधी प्रश्न लिहावा लागतो. प्रश्न ओघाचा असेल तर गाठ पुरते. यकृताच्या कडकपणाचा असेल, तर गाठ कितीही सफाईने मारलेली असो, त्या प्राण्याचा जीव फुकट जातो.