साडेसहा हजार घरांचा न काढलेला नकाशा

एका घराबद्दल दहाच गोष्टी ठरवायच्या आहेत आणि प्रत्येकीला तीनच पर्याय आहेत, असं धरा. जिना आतून, बाहेरून की नकोच. मोरी पुढे, मागे की मधे. किती तऱ्हांची घरं होतील? ५९,०४९! आता या दहांतले पाच निर्णय उरलेल्या पाचांच्या आड येणार नाहीत अशी वाटणी जमली, तर पडताळायचे पर्याय उरतात २४३ आणि २४३. अवघे ४८६. हातचा एकही पर्याय न गमावता! मला तर ही जादूच वाटते.

वास्तुविद ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांनी १९६४च्या पुस्तकात एका भारतीय खेड्याच्या १४१ गरजा मांडल्या, कोणती कोणाशी गुंतलीय ते तपासलं आणि त्यांचे गट पाडले. इंदूरच्या मल्हारगंजासारख्या जुन्या वस्तीत अशी वाटणी कुणी न मांडताच झालेली असते. रस्ता आणि गटार सगळ्यांचं. खाली दुकान, वर बिऱ्हाड, मुलाचं लग्न ठरलं की आणखी एक मजला, हे ज्याचं त्याचं.

पुण्यात जन्मलेल्या वास्तुविद बाळकृष्ण दोशींनी १९८०च्या दशकात, इंदूरपासून सहाएक किलोमीटरवर, अरण्य वसाहतीत हेच जाणूनबुजून केलं. घरं सुमारे ६,५००, पण तेवढे नकाशे काढलेच नाहीत. सगळ्यात गरीब कुटुंबाला साधारण ३५ चौरस मीटरचा प्लॉट. त्यावर जोतं, संडास-मोरी, नळ, फार तर एक खोली. जमिनीखालचं आधी पक्कं, कारण ड्रेनेजची लाइन हलवायची तर अख्खी गल्ली उखडावी लागते. जिना चुकला तर एकाच घराला भोवतो. नमुन्यादाखल ८० घरं बांधून दाखवली. बाकी ज्यानं त्यानं, पैसा येईल तसं.

खरी गंमत घर आणि रस्ता यांच्या मधल्या अर्ध्या मीटरच्या पट्टीत आहे. तिथे ओटा करा, पायऱ्या करा, सज्जा काढा. रस्त्यावर मात्र यायचं नाही. मोबाइलच्या चार्जिंगच्या खाचेचं माप एकदा ठरलं की फोनवाला आणि चार्जरवाला एकमेकांना न विचारता कामाला लागतात, तसंच हे.

वाटणी शंभर टक्के मात्र कधीच होत नाही. तुम्ही मजला चढवलात की समोरच्याच्या दारातलं ऊन जातं, आणि मग दोन घरांचे निर्णय एकत्र बसूनच घ्यावे लागतात.