नेत्रौषधी विद्रावांचे पीएच, बफर-क्षमता आणि तर्षण दाब

औषधी विद्राव शरीराच्या ऊतकांशी प्रत्यक्ष संपर्कात यावयाचा असेल, तर त्याचे पीएच, त्याची बफर-क्षमता आणि त्याचा तर्षण दाब या तीन गोष्टींचा विचार करावा लागतो. पाठ्यपुस्तकांत या तिन्ही गोष्टी बहुधा एकाच प्रकरणात येतात. त्यामुळे विद्रावाचे पीएच अश्रूंप्रमाणे ७.४ केले आणि त्याचा तर्षण दाब ०.९ टक्के मिठाच्या पाण्याइतका ठेवला की कार्य पूर्ण झाले, असा समज सहज होतो. वस्तुतः हे तीन स्वतंत्र गुण आहेत. त्यांच्या अपेक्षा पुष्कळदा परस्परविरोधी असतात व औषधयोजकाला त्यांतून निवड करावी लागते. पायलोकार्पिनच्या नेत्रबिंदूंवरून हे चांगले स्पष्ट होते.

ब्राझीलमधील जाबोरंडी वनस्पतीच्या पानांतील हे अल्कलॉइड हार्डी व जेरार्ड यांनी १८७५ मध्ये स्वतंत्रपणे वेगळे केले. थोड्याच काळात काचबिंदूच्या उपचारात त्याचा वापर सुरू झाला आणि नवी औषधे येईपर्यंत सुमारे शंभर वर्षे ते या रोगावरील एक प्रमुख औषध होते. काचबिंदूत डोळ्यातील दाबामुळे दृष्टितंत्रिकेची हानी होते व गेलेली दृष्टी परत येत नाही. हे थेंब दिवसातून अनेक वेळा, वर्षानुवर्षे घालावे लागत. थेंबांनी डोळा झोंबत असेल तर रोगी ते टाळू लागतो. बाटलीतील औषध विघटित झाले असेल तर ते घालूनही उपयोग होत नाही. विद्रावाची रचना सदोष असली, तर या दोहोंपैकी कोणत्याही मार्गाने त्याची किंमत रोग्याच्या दृष्टीला मोजावी लागते.

पीएच ही संज्ञा सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत रूढ केली. आज तिचा अर्थ हायड्रोजन आयनांच्या क्रियाशीलतेचा ऋण लॉगॅरिथम असा घेतला जातो. एकट्या आयनाची क्रियाशीलता थेट मोजता येत नाही. म्हणून काच-विद्युत् अग्राने मिळणारा आकडा हा नेहमी प्रमाण बफरांशी केलेल्या तुलनेचा आकडा असतो. २५° से. तपमानास पीएचमधील एका एककाच्या फरकास सुमारे ५९ मिलिव्होल्ट विभवांतर पडते; म्हणजे एका मिलिव्होल्टची चूक पीएचच्या जवळजवळ ०.०२ एककाइतकी असते. अग्राचे अंशांकन थॅलेट (४.०१) आणि फॉस्फेट (६.८६) अशा दोन प्रमाण बफरांनी करावे व अपेक्षित मूल्य त्या दोहोंच्या मध्ये असावे. हे आकडेही २५° तपमानाचेच आहेत, याचा प्रयोगशाळेत विसर पडू नये.

आता औषधाकडे वळू. पायलोकार्पिनच्या रेणूत लॅक्टोन वलय असते. विद्राव उदासीन किंवा अल्कधर्मी झाला की त्याचे जलीय विच्छेदन होऊन पायलोकार्पिक अम्ल बनते. त्याच वेळी काही रेणू आयसोपायलोकार्पिन या कमी प्रभावी रूपात जातात. हे विघटन पीएच ५ च्या आसपास सर्वांत मंद असते. म्हणून साठवणीच्या व ऑटोक्लेव्हमधील निर्जंतुकीकरणाच्या दृष्टीने हेच पीएच योग्य ठरते.

शोषणाची अपेक्षा मात्र याच्या उलट आहे. स्वच्छमंडलाच्या बाह्य थरातून औषधाचे आयनीभूत नसलेले रूप अधिक सुलभतेने पार जाते. पायलोकार्पिनचे पीकेए सुमारे ६.९ आहे. हेंडरसन-हॅसलबाल्क समीकरणाने पाहिल्यास पीएच ५ वर त्याचा केवळ सव्वा टक्का भाग मुक्त क्षारकाच्या रूपात असतो, ७.४ वर तोच भाग सुमारे ७६ टक्के होतो. बाटलीत पीएच ५ असावे व डोळ्यात ७.४ असावे, अशी ही दुहेरी मागणी आहे. बाटलीतील पीएच औषधयोजक ठरवितो. डोळ्यातील बदल अश्रूंनाच घडवून आणावा लागतो. तो त्यांना कितपत शक्य आहे, हे विद्रावाच्या बफर-क्षमतेवर अवलंबून असते.

व्हॅन स्लाइक यांनी १९२२ मध्ये मांडलेल्या व्याख्येनुसार, पीएच एका एककाने बदलण्यास लिटरमागे जितके प्रबळ अल्क किंवा अम्ल लागेल त्या दराने ही क्षमता मोजतात. पीएच व पीकेए समान असताना ती महत्तम असते. दोहोंत एका एककाचे अंतर पडले की ती एकतृतीयांशापर्यंत उतरते आणि दोन एककांच्या अंतरावर पंचविसाव्या भागाइतकीच उरते. १ टक्का पायलोकार्पिन नायट्रेटचा विद्राव सुमारे ०.०३७ मोलर असतो. पीएच ५ वरून ७.४ वर येताना एकट्या औषधालाच लिटरमागे सुमारे ०.०२८ मोल अल्क लागते, कारण औषध स्वतःच एक दुर्बल अम्ल आहे. हा भार टाळता येत नाही. विद्राव स्थिर राहावा म्हणून त्यात ०.१ मोलर ॲसिटेट बफर घातला, तर आणखी ०.०३६ मोल अल्काची भर पडते व अश्रूंवरील ओझे दुपटीहून अधिक होते. त्याऐवजी बोरिक अम्ल वापरल्यास ही भर ०.००३ मोलच्या आसपास राहते. बोरिक अम्लाचे पीकेए ९.२ असल्याने पीएच ५ जवळ त्याची बफर-क्षमता अत्यल्प असते. सामान्यतः उणीव समजला जाणारा हा गुणधर्म येथे उपकारक ठरतो. डोळ्यातील अश्रू सुमारे ७ मायक्रोलिटर असतात आणि नेहमीचा थेंब ५० मायक्रोलिटरच्या आसपास असतो, हे प्रमाण लक्षात घेतले म्हणजे या फरकाचे महत्त्व पटते.

तिसरा प्रश्न तर्षण दाबाचा. अश्रूंचा व रक्तद्रवाचा गोठणबिंदू −०.५२° से. आहे आणि ०.९ टक्के सोडियम क्लोराइडचा विद्रावही त्याच तपमानास गोठतो. औषधाचा तर्षणातील वाटा त्याच्या मीठ-तुल्यांकाने मोजतात. पायलोकार्पिन नायट्रेटचा तुल्यांक ०.२३ आहे, म्हणून १०० मि.लि. विद्रावात औषध १ ग्रॅम असल्यास मिठाची तूट ०.९० − ०.२३ = ०.६७ ग्रॅम राहते. बोरिक अम्लाचा तुल्यांक ०.५० धरला तर ही तूट १.३४ ग्रॅम बोरिक अम्लाने भरून निघते. एकच पदार्थ तर्षण दाब साधतो, विद्राव किंचित अम्ल ठेवतो आणि अश्रूंच्या कार्यात अडथळाही आणीत नाही.

परंतु समान तर्षण दाब म्हणजे आयसोटॉनिकता नव्हे. आयसोटॉनिकता ही त्या त्या पेशीच्या पटलासंबंधाने ठरते. १.९ टक्के बोरिक अम्लाचा विद्राव गोठणबिंदूच्या हिशेबाने रक्ताशी समान आहे. तरीही त्यात रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, कारण बोरिक अम्ल त्यांच्या पटलातून आत शिरते व त्यामागोमाग पाणीही जाते. डोळ्याला निरुपद्रवी असलेला हा विद्राव शिरेतून देण्यास सर्वथा अयोग्य ठरतो. शिवाय डोळा सुमारे ०.६ ते १.८ टक्के मिठाच्या विद्रावांइतका तर्षण दाब विशेष त्रासावाचून सहन करतो. म्हणून येथे तर्षण दाबाच्या दुसऱ्या दशांशस्थळासाठी स्थैर्याचा बळी देणे युक्त नाही.

या विवेचनातून विचाराचा एक क्रम निष्पन्न होतो. प्रथम औषध ज्या पीएचवर टिकते ते पीएच ठरवावे. नंतर ते राखण्यास पुरेल इतकीच बफर-क्षमता योजावी. शेवटी उरलेली तर्षण-तूट विद्रावातील सर्व घटकांचा वाटा वजा करून भरून काढावी. वाढत्या वयात जवळचे दिसण्यात येणाऱ्या दोषावर २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या १.२५ टक्के पायलोकार्पिनच्या थेंबांतही, विद्रावाचे पीएच डोळ्यात गेल्यावर अश्रूंशी त्वरित जुळावे, हेच धोरण आहे. नेत्रबिंदूंतील बफर बाटलीत पुरेसा समर्थ, परंतु डोळ्यात लवकर हार मानणारा असावा.