राडारोडा

पुण्याच्या पेठेतला आमचा वाडा २०१८ च्या वैशाखात पाडला, त्या दिवशी मी कॉलेजात बसून उत्तरपत्रिका तपासत होतो. रजा काढावी असे सकाळी मनात आले होते. पण घर पडताना पाहत उभे राहणे माझ्याच्याने झाले नसते. संध्याकाळी गेलो, तेव्हा सागवानी खांब, तुळया, खिडक्यांच्या चौकटी असे ढीग लावून एक गृहस्थ वहीत आकडे मांडत होते. मी एका खांबाला हात लावला, तर ते म्हणाले, "साहेब, माल मोजून झालाय."

घरी येऊन करारनामा काढला. त्यात एक ओळ होती : पाडकामातून निघणारा सर्व राडारोडा विकसकाच्या मालकीचा. मी मराठीचा प्राध्यापक. एकेका शब्दावर तासभर बोलण्याचा पगार घेतो. पण 'राडारोडा' या शब्दात आमचा दिंडी दरवाजाही मावतो, हे सही करताना काही माझ्या ध्यानात आले नाही! आईने एवढेच विचारले, "दिंडी तरी ठेवलीस ना रे?" मी 'बघतो' म्हणालो.

त्याच दिवाळीच्या सुटीत विद्यार्थ्यांची सहल घेऊन चंदीगडला गेलो. ल कॉर्बुझिएने आखलेले ते शहर. सारे रस्ते सरळ, सारे चौक सारखे. मुले कंटाळली, आणि खरे सांगायचे तर मीही कंटाळलो. मग सुखना तलावाजवळच्या रॉक गार्डनमध्ये शिरलो, आणि चार तास बाहेर पडलो नाही.

ही बाग ज्याने केली तो नेकचंद सैनी ना वास्तुशिल्पी, ना शिल्पकार. सार्वजनिक बांधकाम खात्यातला साधा रोड इन्स्पेक्टर. जन्म १९२४ चा. गाव फाळणीत पाकिस्तानात गेले आणि १९४७ साली हा तरुण घर सोडून इकडे आला. चंदीगडसाठी तिथली जुनी खेडी पाडली जात होती. त्या घरांचे तुकडे पाहून या निर्वासिताच्या मनात काय आले असेल, ते मला त्या दिवशी थोडेफार कळले. सायकलवर लादून तो ते तुकडे रानात नेऊ लागला. १९५८ च्या सुमारास सुरुवात झाली. जागा सरकारी जंगलाची. बांधकामाला सक्त मनाई. दिवसा नोकरी आणि उरल्या वेळात ही चोरी, असे सुमारे १८ वर्षे चालले!

चोरी तरी कशाची? फुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे, फरशा, तडे गेलेली बेसिने, भट्टीतली जळकी खडी. मोडक्या सायकलींचे सांगाडे आत घालून त्यांवर सिमेंट थापायचे आणि ते ओले आहे तोवर बांगड्यांचे तुकडे बसवायचे, की झाली नाचणारी बाई. डांबराच्या रिकाम्या पिंपांचे साचे केले. त्यांतून भिंती निघाल्या. अधिकाऱ्यांना पत्ता लागला तेव्हा कायद्याने हे सारे पाडायलाच हवे होते. पण लोक पाहायला लोटले, आणि १९७६ मध्ये बाग रीतसर खुली झाली. नेकचंदला पगार मिळाला, हाताखाली ५० मजूर मिळाले आणि १९८४ मध्ये पद्मश्रीही. २०१५ साली तो गेला. बाग आता सुमारे ४० एकरांची आहे.

आत जायची दारे मात्र मुद्दाम ठेंगणी आहेत. देवांच्या राज्यात वाकून शिरावे, ही त्याची कल्पना. मी वाकलो, आणि एकदम आमच्या दिंडीतच उभा राहिलो. थोर दरवाजातल्या त्या छोट्या दारातून चाळीस वर्षे मी असाच वाकून घरात गेलो होतो.

पुण्याला परतल्यावर त्या वहीवाल्या गृहस्थांची वखार शोधून काढली. माणूस जाणता निघाला. शंभर वर्षांचे सागवान आता काही वळायचे नाही, म्हणाला. चुन्यातली वीट सुटून अखंड हाती येते, सिमेंटमधली फुटते. म्हणून जुन्या वाड्याचा माल पुन्हा घरात लागतो आणि नव्या इमारतीचा बराचसा खड्ड्यात जातो, हेही त्यानेच समजावले. इतके शिकवल्यावर दिंडीचा भाव सांगितला. माझ्याच घराचे दार मी माझ्याच पैशांनी विकत घेतले. घासाघीस करण्याचा धीर झाला नाही. (आकडा पत्नीला अजून सांगितलेला नाही. हा अंक घरी येणार आहे, म्हणून इथेही सांगत नाही.)

भाड्याच्या घरात ती दिंडी चार वर्षे कपाटामागे उभी होती. २०२२ मध्ये नव्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा सुताराने ती गॅलरीच्या दाराच्या जागी बसवली. वर उरलेल्या जागेत जुन्या खिडकीचे गज घातले. तुळस पलीकडे आहे. आई वयाने अशी वाकली आहे, की सकाळी पाण्याचा तांब्या घेऊन ती सरळ चालत त्या दारातून जाते. माझे कपाळ मात्र आठवड्यातून एकदा तरी आपटतेच. मग आतून आवाज येतो, "लहानपणीही असाच आपटायचास!"